आवक-जावक

मिसळ पुन्हा उठली आहे.
तीन वाजून दहा. फरशीवर नखांची टकटक,
मग स्वयंपाकघरात लपालप, लपालप,
वाडगं कोरडं होऊन
तळाला जीभ घासल्याचा खरखर आवाज येईपर्यंत.
मी चपला शोधते. अर्ध्या तासात ती मागच्या दाराशी येईल.
मला उशीर झाला, तर पायपुसण्यावर तळं,
आणि तिचं ते माझ्याकडे न बघणं.

नाव ह्यांनी ठेवलं. चार जातींची भेसळ,
शेपूट एकाची, कान भलत्याचेच.
दवाखान्यातली पोरगी दर वेळी पुकारते, "मिसाइल?"
आणि पेटाऱ्यांतली मांजरं दचकतात.
तेरा वर्षांचं हे क्षेपणास्त्र
आता जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून विचार करतं.

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं
मी हेच केलं. किती प्यायले, किती गेले,
पलंगाच्या पायथ्याशी तक्ता, आवक-जावक,
रात्रपाळी संपताना बेरीज.
म्हणून डॉक्टर ऑग्डेन जेव्हा म्हणाली,
"दिवसाचं पाणी मोजा, आणि सकाळची पहिली लघवी आणा,"
तेव्हा मला हसूच आलं.
मापाचं भांडं घरात होतंच. लघवीसाठी
आमटीचा जुना डाव काढला
आणि पहाटेच्या धुक्यात, झगा सावरत,
तिच्या मागे वाकून वाकून चालले.
शेजारच्या पॉलीनने खिडकीतून पाहिलं.
विचारलं काही नाही. इथली माणसं विचारत नाहीत.
दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या भिंतीवर
घट्ट झाकणाची एक बरणी ठेवलेली होती.

रंग नाही, वास नाही.
उजेडात धरल्याबरोबर मला कळलं.
मूत्रपिंडं. पाणी धरून ठेवायचं विसरलीत.
जितकं जातं तितकं ती मागते, एवढंच.
हावरी नाही ती. गळते आहे.

"पाणी मात्र कधीही तोडू नका," डॉक्टर म्हणाली,
"घर भिजलं तरी चालेल, वाडगं भरलेलं हवं."
कोट घालताना मला बाही सापडेना.

कारण ह्यांचंही दुखणं तेच होतं,
आणि ह्यांना मी दिवसाला चार पेले दिले. मोजून.
आठवड्यातून तीन दिवस यंत्राला जोडलेले,
उरलेले चार माझ्या पहाऱ्यात.
कलिंगड बंद. आमटी चमच्याने. बर्फाचा एक खडा
गालात धरून बातम्या संपेपर्यंत पुरवायचे.
एका रात्री नळाचा आवाज आला.
खाली गेले तर अंधारात उभे, ओंजळ ओठांशी,
आणि पायाशी ही, तेव्हा तरुण,
शेपूट हलवत चोरीत सामील.
मी नळ बंद केला.
बरोबरच केलं. तक्ता माझ्या बाजूने होता.
"सिस्टर," ते म्हणाले, "एवढा एक घोट लिहू नका."

मी लिहिला.

आता घरात वाडगी तीन आहेत.
एक स्वयंपाकघरात, एक जिन्याखाली,
एक ह्यांच्या खुर्चीपाशी, तिथे ती फारशी जात नाही तरी.
निजण्याआधी तिन्ही भरते,
इतकी काठोकाठ की ठेवताना फरशीवर सांडतं.
मापाचं भांडं पॉलीनला देऊन टाकलं, केकसाठी.

बाहेर माळावरचा वारा. गल्लीतला दिवा नारिंगी.
मिसळ बसते, आणि बसूनच राहते,
संपतच नाही तिचं, मी दुसरीकडे बघते,
कुडकुडते, माझंही वय एकाहत्तर, मलाही जायचंय.
"चल गं, मिसाइल."

दार लावेपर्यंत ती वाडग्याकडे वळलेलीही असते.
मी दिवा लावत नाही.
पायरीवर बसते, अंधारात,
आणि तिला पिऊ देते.